वाळा : एका आंधळ्या सापाचा इतिहास

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून जातो, परसातली माती भिजून फुगते, आणि जुन्या घराच्या न्हाणीघरात, मोरीच्या कडेला, एक काळसर चकचकीत दोरा वळवळताना दिसतो. लांबी वीतभरही नाही, जाडी सुतळीएवढी. पाहणाऱ्याला प्रथम वाटते, गांडूळ असेल. पण गांडूळ अंग आखडून आणि ताणून पुढे सरकते; हा प्राणी नागमोडी वळणे घेत चपळाईने सरकतो, आणि नीट निरखले तर त्याच्या तोंडातून बारीकशी जीभ आतबाहेर होताना दिसते. एवढे दिसले की घरात एकच गलका होतो : ‘नागाचे पिल्लू!’ मग खराटा येतो, चप्पल येते, आणि क्षणार्धात त्या जीवाचा शेवट होतो. मारणाऱ्याला आपण घरावरचे संकट टाळले असे समाधान वाटते.

वस्तुतः मारला गेलेला तो प्राणी नागाचे पिल्लू नसतो. कोणत्याच सापाचे पिल्लू नसतो. बहुधा ती एक पूर्ण वाढ झालेली मादी असते. मराठीत तिच्या जातीला ‘वाळा’ म्हणतात. तान्ह्या मुलाच्या पायातला चांदीचा दागिनाही वाळा, आणि उन्हाळ्यात माठातल्या पाण्याला सुगंध देणारी बारीक मुळीही वाळाच. सापाला हे नाव कशावरून पडले असेल ते असो. पण घराघरांत परिचित असलेल्या दोन निरुपद्रवी वस्तूंचे नाव या सापाला मिळाले आहे, आणि ते त्याला शोभणारे आहे. कारण जगात सापांच्या ज्या काही हजार जाती आहेत, त्यांत याच्याइतका लहान, याच्याइतका निरुपद्रवी आणि याच्याइतका दूरवर पसरलेला साप दुसरा दाखवणे कठीण आहे.

प्रथम त्याचे रूप पाहू. पूर्ण वाढलेला वाळा साधारणपणे पाच ते सहा इंच भरतो. रंग काळसर तपकिरी, कधी जांभळट झाक असलेला. पोटाकडे तो किंचित फिका. अंगावरचे खवले अत्यंत गुळगुळीत, एकमेकांवर घट्ट बसलेले, आणि सर्वांगाभोवती सारख्याच आकाराचे. इतर बहुतेक सापांच्या पोटावर आडव्या, रुंद पट्ट्या असतात. जमिनीवर सरकताना त्यांचा आधार त्या सापांना मिळतो. वाळ्याला त्या नाहीत. मातीच्या पोकळीत चहूबाजूंनी दाब सहन करीत फिरणाऱ्या प्राण्याला पाठ काय नि पोट काय, सारखेच. डोके मानेपासून वेगळे दिसत नाही. डोळे आहेत, पण ते पारदर्शक खवल्याखाली दडलेल्या दोन काळ्या ठिपक्यांसारखे. त्यांनी उजेड आणि अंधार एवढाच भेद कळत असावा. शेपटी अगदी आखूड व बोथट, आणि तिच्या टोकाला एक बारीक काटा. हातात धरले असता वाळा हा काटा बोटाला टोचून पाहतो. त्यात विष नसते, त्वचेला जखमही होत नाही. पण याच काट्यामुळे शेपटीने दंश करणारा साप म्हणून त्याची बदनामी झाली आहे. तोंड नाकाडाच्या खालच्या बाजूस, एवढे चिमुकले की माणसाचे बोट त्यात मावणे शक्य नाही. आणि दात फक्त वरच्या जबड्यात.

या प्राण्याचे सारे आयुष्य मातीत, पालापाचोळ्याखाली, कुजक्या लाकडाच्या पोटात, दगडाच्या सावलीत आणि फुलझाडांच्या कुंड्यांतून जाते. ओलावा हा त्याचा प्राण. माती सुकली की तो खोल जातो. पाऊस पडून बिळांत पाणी शिरले की वर येतो. म्हणूनच तो आपल्याला पावसाळ्यात दिसतो. घरात शिरण्याची त्याची इच्छा नसते. पाण्याने त्याला घराबाहेर, म्हणजे त्याच्या घराबाहेर, काढलेले असते.

त्याचे अन्न म्हणजे मुंग्या आणि वाळवी, विशेषतः त्यांची अंडी, अळ्या व कोश. मुंग्यांच्या वारुळात शिरून तो हे अन्न भराभर गिळतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात एक विलक्षण गोष्ट नोंदवली गेली. वाळवी खाताना हा साप कित्येकदा तिचे डोके जमिनीवर घासून तोडून टाकतो आणि उरलेले शरीर तेवढे गिळतो. वाळवीचे डोके कठीण असते आणि ते पचत नाही. साप भक्ष्य सगळेच्या सगळे गिळतात हे आपण शाळेत शिकलो. पण सापांतील सर्वांत सामान्य समजल्या गेलेल्या या जीवाने त्या नियमालाही अपवाद करून ठेवला आहे. ज्या वाळवीने घराची तुळई पोखरली जाते आणि कपाटातील पोथ्या फस्त होतात, ती खाणारा हा साप आहे, हे मोरीजवळ खराटा उचलणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या जीवाची शास्त्रीय ओळख ज्या माणसामुळे प्रथम झाली, त्याचे नाव आपल्याकडे एका निराळ्याच सापामुळे प्रसिद्ध आहे. आपण ज्याला घोणस म्हणतो त्या जहाल विषारी सापाला इंग्रजीत रसेलचे नाव दिलेले आहे. हा पॅट्रिक रसेल मूळचा स्कॉटलंडचा वैद्य. सीरियातील अलेप्पो शहरी इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीत त्याने अनेक वर्षे वैद्यकी केली, तेथील प्लेगच्या साथी पाहिल्या व पुढे त्यांवर ग्रंथ लिहिला. १७८१ साली आपल्या भावाबरोबर तो हिंदुस्थानात आला. भावाची नेमणूक विशाखापट्टणम येथे होती. रसेलही तेथेच राहिला. ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नाटक प्रांतातील निसर्गतज्ज्ञ केनिग हा १७८५ साली मरण पावला तेव्हा त्याची जागा रसेलला मिळाली.

कंपनीला त्याच्याकडून हवे होते ते एक व्यवहारोपयोगी ज्ञान. सर्पदंशाने माणसे मरत होती. कोणता साप विषारी आणि कोणता बिनविषारी हे सांगणारा भरवशाचा ग्रंथ नव्हता. परिणामी दोन प्रकारची हानी होई : विषारी सापाकडे दुर्लक्ष होऊन जीव जाई, आणि बिनविषारी साप चावला असताही केवळ भीतीने माणूस अर्धमेला होई. दोन्हींचा फायदा घेणारे मांत्रिक व औषधविके गावोगाव होते. बिनविषारी दंश ‘बरा’ केल्याचे श्रेय त्यांना आयतेच मिळे. रसेलने साप गोळा केले, त्यांचे दात तपासले, खवले मोजले, चित्रे काढवून घेतली आणि स्थानिक लोक त्यांना काय म्हणतात ते टिपून ठेवले. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा भव्य सचित्र ग्रंथ कंपनीच्या आश्रयाने १७९६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी तो हिंदुस्थान सोडून गेल्याला सात वर्षे झाली होती.

याच ग्रंथात, नाग आणि घोणस यांच्या संगतीत, एका बारीक काळ्या सापाचे चित्र आहे. रसेलने त्याचे तेलुगू नाव आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहून ठेवले : ‘रोंडू तलूलू पाम’. म्हणजे दोन डोक्यांचा साप. विशाखापट्टणमच्या ज्या कोणा शेतकऱ्याने वा गारुड्याने ते नाव रसेलला सांगितले, त्याची नोंद इतिहासात नाही. पण त्याचे निरीक्षण अचूक होते. ज्याचे डोके कोणते आणि शेपटी कोणती हे एका दृष्टिक्षेपात कळत नाही, त्याला लोक दोन डोक्यांचा म्हणणारच. आपल्याकडे मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणतात, तेही याच कारणाने.

मांडूळ आणि वाळा यांची ही सांगड शास्त्राच्या ग्रंथातही काही काळ बसली होती. पॅरिसमध्ये फ्रांस्वा-मारी दोदँ नावाचा एक तरुण निसर्गशास्त्रज्ञ सरपटणाऱ्या प्राण्यांचा आठ खंडांचा इतिहास लिहीत होता. बालपणीच्या आजारामुळे त्याचे पाय लुळे पडले होते. आंध्रच्या किनाऱ्यावर जाऊन साप पकडणे त्याला कधीच शक्य नव्हते. त्याने रसेलच्या चित्राचा आधार घेतला आणि १८०३ साली या सापाला ‘एरिक्स ब्रामिनस’ असे लॅटिन नाव दिले. एरिक्स म्हणजे मांडुळाचे कूळ. कूळ चुकले होते. वाळ्याचे मांडुळाशी जवळचे नाते नाही. परंतु ‘ब्रामिनस’ हे जातिनाम मात्र टिकले, ते आजतागायत. त्याच वर्षी, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, दोदँ मरण पावला. विशाखापट्टणमची माती आणि पॅरिसमधील लेखनाचे मेज, यांच्यामध्ये एक रंगीत चित्र एवढाच दुवा होता. आणि त्या दुव्यावर एका जातीचे नाव उभे राहिले.

यानंतर जे घडले ते शास्त्राच्या इतिहासात मोठे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून युरोपच्या संग्रहालयांत मद्यार्काच्या बाटल्या येऊ लागल्या, आणि त्यांत बारीक, काळे, आंधळे साप येऊ लागले. पंडितांनी ते पाहिले आणि प्रत्येकाला वाटले की आपल्या हाती नवी जात लागली. मेरेम या जर्मन पंडिताने १८२० साली एक नाव रसेलच्या सन्मानार्थ दिले. १८४६ साली अँड्र्यू स्मिथ याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप प्रदेशावरून दुसरे नाव दिले. १८८२ साली बोटगर याने मादागास्करकडून आलेल्या नमुन्याला तिसरे नाव दिले. इतकेच नव्हे, तर १९६९ सालीदेखील प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाच्या परिसरातून एक नवी जात म्हणून वर्णन प्रसिद्ध झाले. ही आणि अशी इतर बरीच नावे मागाहून एकाच सापाची ठरली. तो साप म्हणजे रसेलचा दोन डोक्यांचा साप, आपला वाळा.

पंडितांची ही चूक क्षम्य होती. हे साप एकमेकांसारखे दिसतात आणि भिंगाखाली खवले मोजल्यावाचून जाती वेगळ्या करता येत नाहीत. शिवाय या कुळात खरोखरच्या निराळ्या जातीही आहेत. मिलान येथील संग्रहालयाचे संचालक ज्योर्जो यान यांनी १८६४ साली ‘टिफ्लॉप्स एक्झिगुअस’ या नावाने जी जात जाहीर केली, तिचे मूळ स्थान म्हणून बेळगावचे नाव शास्त्रात कायमचे नोंदले गेले आहे. ती जात वाळ्याची बहीण म्हणावी इतकी जवळची, पण स्वतंत्र आहे. इटलीतील एका पंडिताच्या ग्रंथात बेळगावचे नाव एका वीतभर सापामुळे जाऊन बसावे, हे त्या गावच्या रहिवाशांनाही फारसे ठाऊक नसेल.

आता श्रोत्यांच्या मनात सहज प्रश्न येईल : विशाखापट्टणमच्या मातीतला हा आंधळा जीव केपमध्ये, मादागास्करमध्ये आणि ग्वामपर्यंत पोहोचला कसा? त्याला पोहता येत नाही, उडता येत नाही. एका शेताचा बांध ओलांडून पलीकडे जाणे हाही त्याच्या दृष्टीने मोठा प्रवास. उत्तर सरळ आहे. तो गेला नाही. त्याला नेले गेले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत रोपांची जेवढी वाहतूक समुद्रावरून झाली तेवढी त्यापूर्वी कधी झाली नव्हती. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे १७८७ साली कंपनीचे वनस्पती उद्यान उभे राहिले; सिंहलद्वीपात पेरादेनिया, मॉरिशसमध्ये पांपलमूस अशी उद्याने एकमेकांशी रोपांची देवाणघेवाण करीत होती. कलमे आणि फुलझाडे मातीसकट पिंपांतून व पेट्यांतून जहाजावर चढत. झाडाला पाणी मिळावे, ऊन लागू नये, मुळांची माती सुकू नये, याची खलाशी काळजी घेत. ती सारी व्यवस्था जणू वाळ्यासाठीच होती. ओली माती, मुंग्यांची अंडी आणि अंधार, याहून त्याला अधिक काय हवे?

अशा प्रवासाची एक साल-तारखेची नोंदही आहे. हवाई बेटांत साप नव्हते. १९३० साली तेथे प्रथम हा साप आढळला. फिलिपाईन्सहून आणलेल्या शोभेच्या झाडांच्या मातीतून तो आला असे अनुमान आहे. १९७० नंतरच्या दशकात तो अमेरिकेतील फ्लोरिडामध्येही स्थिरावला. आज त्याचे इंग्रजी नावच ‘फुलझाडाच्या कुंडीतला साप’ असे पडले आहे. आणि मॉरिशसचा उल्लेख केवळ उद्यानापुरता नाही. १८३४ पासून पुढे उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी जे हिंदी मजूर त्या बेटावर नेले गेले, त्यांत कोकणातील आणि देशावरील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. त्या बेटाच्या मातीत वाळाही आहे. तो नेमका कोणत्या जहाजाने गेला हे कोणी सांगू शकणार नाही. पण ज्या समुद्रमार्गांनी माणसे नेली गेली, त्याच मार्गांनी रोपे जात होती, आणि रोपांच्या मुळांशी हा निमूट प्रवासी होता.

तरीही एक कोडे उरतेच. रोपाबरोबर एखादा साप परदेशी पोहोचणे वेगळे आणि तेथे त्याचा वंश वाढणे वेगळे. कुंडीत चुकून एकच साप गेला तर तो म्हातारा होऊन मरेल आणि गोष्ट तेथेच संपेल. इतर सापांच्या बाबतीत असे होते. वाळ्याच्या बाबतीत तसे झाले नाही. का?

याचे उत्तर शास्त्राला फार उशिरा सापडले, आणि ते सापडण्याची रीतही विलक्षण होती. जे दिसत होते त्यावरून नव्हे, तर जे कधीच दिसले नव्हते त्यावरून ते सापडले. १९७४ साली न्यू गिनीकडील सापांची सूची तयार करताना सॅम्युअल मॅकडॉवेल या अमेरिकन संशोधकाच्या लक्षात आले की या जातीचा नर आढळत नाही. त्याने शंका व्यक्त केली की ही जात नरावाचून प्रजोत्पादन करीत असावी. १९८० साली रोनाल्ड नुसबॉम याने सेशेल्स बेटांवरील नमुन्यांचा अभ्यास करून या शंकेला पुराव्याचे बळ दिले. १९८७ साली विन, कोल आणि गार्डनर या तिघांनी पेशींतील रंगसूत्रे तपासली. सामान्यतः प्राण्यांच्या पेशीत रंगसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. वाळ्याच्या पेशीत तीन संच आढळले. अशी विषम मांडणी असलेल्या प्राण्यात स्त्री-पुरुष संयोगाने संतती होण्याची नेहमीची रीत चालू शकत नाही. मादी स्वतःच अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात, बहुतांशी आईची हुबेहूब प्रतिकृती असलेल्या. नरावाचून वंश चालवल्याची तुरळक उदाहरणे इतर सापांत आढळली आहेत. पण सगळी जातच्या जात केवळ माद्यांची असणे, ही सर्पसृष्टीत वाळ्याचीच ख्याती आहे.

हे कळल्याबरोबर प्रवासाचे कोडेही सुटले. कुंडीत एकच वाळा गेला तरी पुरे होते. तो एकटा, म्हणजे ती एकटी, संपूर्ण वसाहतीची मूळमाता होऊ शकत होती. तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, थोडी मोठी, अशी मोजकी अंडी मातीत घालायची. त्यांतून बोटाच्या पेराहून थोडी लांब पिल्ले निघायची. आणि काही वर्षांत एका बागेचे दुसरी, दुसरीचे तिसरी. ज्याला पंडितांनी केपचा साप, मादागास्करचा साप, ग्वामचा साप म्हटले, त्या सगळ्या मुळात एकाच घराण्याच्या दूरदूर नांदायला गेलेल्या लेकी होत्या. २०१४ साली या कुळाची नवी मांडणी झाली तेव्हा वाळ्याला ‘इंडोटिफ्लॉप्स’, म्हणजे ‘भारतीय आंधळा’, या गटात स्थान मिळाले. त्याचे जवळचे आप्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आहेत, आणि त्याचे माहेरही याच भागात असावे, असा शास्त्रज्ञांचा कौल आहे.

दोदँच्या नामकरणापासून मॅकडॉवेलच्या शंकेपर्यंत एकशे एकाहत्तर वर्षे गेली. एवढ्या काळात या सापाचे असंख्य नमुने असंख्य हातांखालून गेले. प्रत्येकाने खवले मोजले, रंग लिहिला, नावे दिली, नावे खोडली. नर कोठे आहे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ कोणाच्या मनात ठसला नाही. यात आळस होता असे म्हणता येणार नाही. सापांचा अभ्यास भीतीपोटी सुरू झाला होता; जो मारतो त्याच्याकडे सर्वांचे लक्ष होते. नागाच्या विषावर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, लस तयार झाली, हजारो जीव वाचले, आणि ते योग्यच झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे या क्षेत्रातील कार्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु जो मारीत नाही तो वगळण्याच्या यादीत जातो, आणि यादीतून वगळलेल्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वाळ्याचे नेमके तेच झाले.

घरातही तेच होते, फक्त उलट बाजूने. शास्त्रज्ञाने त्याला निरुपद्रवी म्हणून दुर्लक्षिले. गृहस्थाने त्याला उपद्रवी समजून ठेचले. तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो अशी भीती दक्षिणेत अनेक ठिकाणी सांगितली जाते. त्याला ना कानाचे आकर्षण आहे ना माणसाचे. रसेलने ज्या दोन हानी ओळखल्या होत्या, त्यांपैकी दुसरी, म्हणजे बिनविषारी सापाची भीती, सव्वादोनशे वर्षांनंतरही तशीच शिल्लक आहे. डॉ. पी. जे. देवरस यांच्यासारख्या अभ्यासकाने १९६५ साली सामान्य वाचकासाठी भारतातील सापांवर ग्रंथ लिहिला, तो याच अज्ञानाचे निवारण व्हावे म्हणून.

अर्थात निर्भयता म्हणजे बेफिकिरी नव्हे. लहान साप दिसला की तो वाळाच, असे समजून त्याला हातात घेणे हा आत्मघात ठरेल. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हाच वाळ्याच्या जवळजवळ दुप्पट लांब असते, जन्मतः फणा काढू शकते आणि जन्मतः विषारी असते. मण्यारीचे पिल्लूही जन्मतः विषारी असते. शिवाय ‘पोवळा’ नावाचा एक बारीक, जमिनीखाली दडून राहणारा विषारी साप महाराष्ट्रात आहे; त्याचे अंग फिकट तपकिरी, डोके व मान काळी, शेपटीवर दोन काळी वलये आणि पोट पोवळ्यासारखे तांबडे असते. यांपैकी प्रत्येकाचे डोळे स्पष्ट दिसतात आणि पोटावर रुंद पट्ट्या असतात. वाळ्याचे डोळे शोधावे लागतात आणि पोटपाठ एकसारखी असते. ही खूण दुरूनच पाहावी. ओळख पटली नाही तर हात लावू नये, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे नव्हे, रुग्णालयात जावे. पण ओळख पटली तर खराटा बाजूला ठेवावा, एखाद्या कागदावर किंवा सुपलीत त्या जीवाला घ्यावे आणि परसातल्या ओल्या मातीवर सोडून द्यावे. पाहता पाहता तो मातीत नाहीसा होईल.

श्रावणात नागपंचमी येते. त्या दिवशी शेतात नांगर धरू नये, जमीन खणू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. शेतकऱ्याच्या फाळाने नागाची पिल्ले नकळत मारली गेल्याची कहाणी घराघरांत सांगितली जाते. ती रीत पाळताना पाटावर चित्र नागाचे काढले जाते आणि दूधलाह्या नागाला दाखवल्या जातात, हे खरे. तथापि नांगराचा फाळ ज्या वितभर थराला उलथतो, त्या थरात नाग क्वचित असतो; वाळा मात्र तेथेच राहतो. पावसाने भिजलेल्या त्या मातीत मुंग्यांची अंडी शोधत फिरणाऱ्या, डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या आणि जोडीदाराच्या गरजेवाचून वंश चालवणाऱ्या त्या मादीला त्या एका दिवसापुरते का होईना, अभय मिळते. ते अभय उरलेल्या दिवशीही मोरीच्या कडेपर्यंत पोहोचले, तर त्या व्रताचा अर्थ पुरता पाळला गेला असे म्हणता येईल.